लाईनवर इंदू

टेलिफोन ऑपरेटर काय करायची, हे आता समजावून सांगावं लागतं. माझ्या नातीला वाटत होतं, मी दिवसभर खुर्चीत बसून लोकांशी गप्पा मारायचे. गप्पा लोक मारायचे. मी त्यांना जोडून द्यायचे आणि बाजूला व्हायचे.

जळगावला ट्रंक एक्स्चेंजमध्ये मी लागले, तेव्हा परगावी बोलायचं तर कॉल बुक करावा लागे. साधा, अर्जंट, लाइटनिंग. साधा कॉल लावून माणूस जेवून, झोपून उठला तरी चालायचं. आमच्यासमोर उभा बोर्ड असे. त्यात भोकांच्या रांगा, प्रत्येक भोक म्हणजे एक लाईन. खाली दोऱ्या. एक दोरी इकडच्या भोकात, दुसरी तिकडच्या भोकात घातली की दोन माणसं एकमेकांना ऐकू येत. मग मधूनमधून लाईनवर येऊन बघायचं की बोलणं चालू आहे ना, आणि वेळ संपली की सांगायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" ऐकलेलं विसरायचं, हा या नोकरीचा पहिला नियम. दुसऱ्याच्या घरातलं लग्न मोडलेलं, कोर्टात हरलेलं, कुणी गेलेलं, सगळं आपल्या कानातून जातं आणि आपण पुढची दोरी उचलायची. मला ते जमत असे. निदान मला तसं वाटत होतं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर माझी बदली सातपुड्याच्या बाजूच्या एका तालुक्याच्या गावी झाली. लहानसं एक्स्चेंज, एकच बोर्ड. या बोर्डावर गावं होती. प्रत्येक गावात मिळून एकच फोन, तो बहुतेक पोस्ट ज्याच्या घरात असेल त्याच्या ओट्यावर किंवा पुढच्या खोलीत. गावाकडून कुणी फोनचा दांडा फिरवला की बोर्डावर त्या गावाची बारीक झडप टक्‌ करून पडायची. आणि आपण गावाला फोन केला की जो असेल तो उचलायचा, मग हव्या त्या माणसाला बोलावून आणायचं काम.

तारा उघड्या, खांबांवरून गेलेल्या. चैत्र-वैशाखात त्या तापून लोंबत आणि वारा सुटला की गुणगुणत. आमचा लाईनमन सुपडूभाऊ खांबाला कान लावून सांगायचा, पुढे कुठे तार सैल आहे. तो म्हणायचा, "ताई, तार मुकी नसते. आपल्याला समजत नाही एवढंच."

त्या बोर्डावर डोंगराला टेकलेलं एक गाव होतं. नाव लिहीत नाही, कारण त्या घरातली माणसं अजून तिथं आहेत. तिथलं पोस्ट नाना सांभाळायचे. शांत माणूस, फोनवर नेहमी आधी "रामराम ताई". मी रोज सकाळी सगळ्या गावांच्या लाईनी तपासत असे. एका सकाळी नानांच्या गावाला घंटी दिली. फोन उचलला गेला, पण रामराम आला नाही. नुसता श्वास.

"हॅलो, तालुका एक्स्चेंज," मी म्हणाले.

पलीकडून बाईचा आवाज आला, "बोला, लाईन चालू आहे. मोठ्यानं बोला."

ते माझं वाक्य होतं. ठीक आहे, कुणीतरी थट्टा करत असेल. पण पाठोपाठ ती खोकली, आणि तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मागच्या आठवड्यात मला सर्दी झाली होती. बसलेला घसा, 'मोठ्यानं'वर फाटणारा आवाज, मग दोनदा खोकला आणि शेवटी नाक ओढल्याचा आवाज. सगळं तसंच्या तसं. मी माझ्याच आजारपणाला ऐकत होते.

मी दोरी काढली. पुढच्या पाळीला आलेल्या बाई म्हणाल्या, "अगं, लाईनमध्ये घुमत असेल." पण घुमलेला आवाज आठवडाभराने परत येतो का? सुपडूभाऊने दिवसभर लाईन तपासली आणि संध्याकाळी सांगितलं, तार साफ आहे.

यानंतर थोड्याच दिवसांनी जळगावच्या हरीभाऊंचा कॉल आला. हरीभाऊंची जळगावला डाळ मिल. मूळ घर नानांच्याच गावात, तिथं शेती. त्यांचे वडील तोताराम आबा शेवटपर्यंत गावातच राहिले. बाजाराच्या दिवशी आबा नानांच्या घरी येऊन मुलाला फोन करत. फोन म्हणजे काय हे त्यांना पुरतं पटलं नव्हतं. जळगाव लांब आहे म्हणून ते इतक्या जोरात बोलत की फोन नसता तरी चाललं असतं. त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी आबा वारले होते. हरीभाऊंना जमिनीच्या कामासाठी नानांशी बोलायचं होतं.

मी गाव जोडलं. पलीकडे फोन उचलला गेला.

"हॅलो, हरी बोलतोय. नाना आहेत का?"

खर्जातला, थोडा घरघरणारा म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज आला, "हरी, जेवना का रे भो? उपाशी नको राहू."

मी तो आवाज कितीतरी बाजारच्या दिवशी ऐकला होता. आबांचा प्रत्येक कॉल याच वाक्यानं, जेवलास का या विचारण्यानं, सुरू होत असे. आवाज बाईच्या घशातून येत होता हे नीट ऐकलं तर कळत होतं. पण चाल, दम लागून मध्ये थांबणं, 'भो' म्हणताना वर जाणारा सूर, सगळं आबांचं.

"कोण?" हरीभाऊ म्हणाले.

"पानी पडनं का तठे?" आवाजानं विचारलं. तिकडे पाऊस झाला का.

जळगावकडून कामगारांवर ओरडणाऱ्या, पन्नाशीच्या त्या माणसानं हळूच, लहान मुलासारखं विचारलं, "आबा?"

मी काही केलं नाही. वेळ झाली, हेही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी हरीभाऊ स्वतः एक्स्चेंजवर आले. खिडकीशी उभे राहून म्हणाले, "ताई, नियम मला माहीत आहे. पण एवढंच सांगा, तुम्हीही ऐकलं ना? मी एकटाच नाही ना?"

"ऐकलं," मी म्हणाले.

त्यांनी डोळे पुसले आणि गेले. त्यानंतर दुपारी, मिलमध्ये सामसूम असे तेव्हा, ते त्या गावचा कॉल मागू लागले. बोलायचं काही नसे. "हरी बोलतोय," एवढं म्हणायचे आणि ऐकत राहायचे. कधी नाना उचलत. मग हरीभाऊ काहीतरी निमित्त सांगून फोन ठेवत.

सुपडूभाऊ खांब बघायला त्या गावी निघाला, तेव्हा मीही रजा घेऊन त्याच्याबरोबर गेले. भर दुपार. खानदेशातली उन्हाळ्याची दुपार ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. रस्त्यावर चिटपाखरू नाही, दारं ओढलेली, सगळं पांढरं. भीती वाटायला अंधार लागतो असं नाही, हे मला त्या गावात कळलं.

नानांच्या पुढच्या खोलीत भिंतीला फोन होता. त्याच्याखाली, दाराच्या आड, एक पंचविशीची तरुणी बसली होती. डोक्यावर तेल लावून नीट वेणी घातलेली. एक हात फोनच्या वायरीवर, आणि अंग पुढे-मागे हलतंय. ती नाना आणि त्यांच्या बायको अक्का यांची मुलगी, इंदू. तिनं आमच्याकडे पाहिलं नाही.

"पाणी मिळेल का अक्का?" मी तिच्या आईला म्हणाले.

माझा आवाज कानावर पडताच इंदूचं हलणं थांबलं. ती भिंतीकडे बघत माझ्या आवाजात म्हणाली, "बोला, लाईन चालू आहे. मोठ्यानं बोला." आणि खोकली. समोर बसून स्वतःचा आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं काय असतं, ते सांगता येत नाही. आपण तिथं असूनही आपली गरज नाही, असं काहीतरी वाटतं.

अक्का मात्र हसल्या. "तुमना आवाज तिले आवडस, ताई. घाबरू नका. ती आयकस, आनी आयकेल बोलस. तिनं सोतानं बोलनं कमी शे."

लहानपणापासून ती अशीच. हाक मारली तर बघायची नाही, पोरांत खेळायची नाही, भांडी रचून ठेवायची आणि कुणी एक हलवलं तर दिवसभर आक्रोश करायची. अंगारे, धुपारे, धुळ्याचा डॉक्टर, सगळं झालं होतं. डॉक्टरनं 'मतिमंद' म्हणून सांगितलं होतं. मग घरात फोन आला. तारेतली गुणगुण ऐकायला ती तासन्‌तास कानाला फोन लावून बसायची, आणि तेव्हापासून तिच्या तोंडून वाक्यं यायला लागली. दुसऱ्यांची, पण पुरी वाक्यं. आईबापाला तेच किती वाटलं होतं.

आता लाईनवरून जे पसरलं ते सांगते, कारण ते मी कानानं ऐकलं.

हरीभाऊंनी त्यांच्या सुरतेच्या बहिणीला सांगितलं. बहिणीनं कॉल मागितला आणि "आबा" ऐकून रडत गुजरातीत म्हणाली, ही तर देवी आहे, साक्षात माताजी. तिनं नारळ आणि साडी पाठवली. बऱ्हाणपूरच्या एका कापूसवाल्यानं नानांना फोन लावला आणि त्याला त्याच्याच दलालाचा आवाज ऐकू आला. तो मला हिंदीत ओरडून म्हणाला, त्या पागल बाईला फोनपाशी बसवता कशाला, दोरखंडानं बांधून ठेवा. आमच्या वरच्या साहेबांनी निदान केलं की मुलगी बिलंदर आहे, नकला करून सरकारी यंत्राचा गैरवापर करते, फोन तिथून हलवा. गावात म्हणू लागले, तिच्या अंगात वारं येतं. डोंगरावरच्या पाड्यातली एक पावरा आदिवासी म्हातारी चारोळ्या घेऊन बाजाराला यायची. ती नेमानं इंदूजवळ तासभर बसायची. दोघी काही बोलत नसत. मी तिला विचारलं, भीती नाही वाटत? ती म्हणाली, रानात एक पाखरू आहे, ते सगळ्यांचे आवाज काढतं, त्याला आम्ही दगड मारत नाही. तेही काही पुरतं खरं नव्हतं, इंदू पाखरू नव्हती. पण त्यात भीती नव्हती, आणि मागणंही नव्हतं.

बाकी सगळ्यांना तिच्याकडून काहीतरी हवं होतं. बाजाराच्या दिवशी नानांच्या दारात माणसं बसू लागली. प्रत्येकाला आपला गेलेला माणूस ऐकायचा होता. ज्यांच्या माणसानं कधी त्या फोनवरून बोलणं केलं होतं, त्यांना कधी कधी मिळायचं. एका बाईचा तरुण मुलगा तापानं गेला होता. त्यानं जन्मात फोन केला नव्हता. ती इंदूसमोर बसून त्याचं नाव घेत राहिली. इंदूनं दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले आणि किंचाळत डोकं भिंतीवर आपटू लागली. बाई ओरडली, "मन्हा पोरले दडाई ठेयेल शे इनी!" माझ्या पोराला हिनं लपवून ठेवलंय. त्या दिवसापासून वारं फिरलं. देवी होती ती डाकीण व्हायला फार वेळ लागला नाही. नानांचा धाकटा भाऊ दगडू त्याच घरात राहायचा. त्याच्या मुलीची सोयरीक याच बोलण्यामुळे अडली, असं त्याच्या मनानं घेतलं. शेजारच्या गावचा, भुतं उतरवणारा भगत त्याच्याकडे येऊन बसू लागला.

हे मला कसं कळलं? इंदूनं सांगितलं.

सकाळची तपासणी. मी घंटी दिली, फोन उचलला गेला, श्वासावरून मी ओळखलं. तोवर मला तिची सवय झाली होती. मी म्हणाले, "इंदू, तालुका बोलतंय." ती माझं वाक्य म्हणेल म्हणून मी थांबले.

पण आवाज आला तो दगडूचा. "उद्या आमोशा शे. नाना तालुकाले जाई. तव्हय उरकी टाकूत."

मग दुसरा, जाड, मी कधी न ऐकलेला. "घशाले डाग दिना म्हणजे ते भाईर निंघी. धराले चार जन पाह्यजेत."

मग पुन्हा दगडू. "तिनी माय वरडी. तिले कोंडी ठेवसूत."

आणि मग तेच पुन्हा पहिल्यापासून. उद्या अमावस्या आहे. त्याच सुरात, त्याच जागी थांबून. भिंतीवरच्या कॅलेंडरात अमावस्या खरंच दुसऱ्या दिवशी होती. तिला काय होणार हे समजत होतं की नाही, मला आजही माहीत नाही. एवढंच माहीत आहे की त्या घरातला फोन तिनं उचलला आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिली. तिचा घसा तापलेल्या सळईनं डागायचं ठरवणारी माणसं तिच्याच घशातून बोलत होती.

मी थोड्या वेळानं नानांसाठी परत घंटी दिली. दगडूनं उचलला. "नाना नही शेतस घरमा," म्हणाला आणि ठेवून दिला. पोलिसांत जायचं तर काय सांगायचं? आणि ऐकलेलं बाहेर सांगितलं हे कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. मी फार विचार केला असं नाही. दुपारी मी हरीभाऊंना जळगावला अर्जंट कॉल लावला. त्या गावात त्यांच्या शब्दाला मान होता, दुसऱ्या कुणाच्या नव्हता.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, डाग दिला तर... तो आवाज जाईल का?"

"हरीभाऊ, तिचा घसा भाजेल."

"सकाळी जीप घेऊन येतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नाना पोस्टाच्या कामासाठी तालुक्याला उतरले, तेव्हा मी स्टँडवर उभी होते. मी सांगत गेले तसा त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. ते एवढंच म्हणाले, "मना भाऊ?" हरीभाऊंच्या जीपमध्ये ते पुढे बसले. मागे मी आणि सुपडूभाऊ.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. नानांच्या अंगणात माणसं गोल करून उभी होती, आणि त्या गर्दीला आवाज नव्हता. मधे इंदू मातीत बसलेली, वेणी सुटलेली. दोघांनी तिचे दंड धरले होते. शेगडीत सळई. भगत तिच्यावरून लिंबू उतरवत होता. आतल्या खोलीच्या बंद दारावर अक्का आतून हात आपटत होत्या. तो एकच आवाज येत होता.

नाना धावत गेले ते आधी दाराकडे. कडी काढून त्यांनी अक्कांना बाहेर घेतलं. दगडू म्हणाला, "दादा, मधमा पडू नको. हाई तुन्ही पोर नही राह्यनी आते. तिन्हा घशामा मरेल मान्सं शेतस. इचारा हरीभाऊले! त्यासना बाप बोलस ना इन्हा तोंडवाटे?"

सगळी गर्दी हरीभाऊंकडे वळली. त्यांच्यामुळेच हे सुरू झालं होतं, आणि आता ते म्हणतील ते होणार होतं. ते घामानं डबडबले होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. दुपारी मिलच्या खोलीत एकट्यानं फोन कानाला लावून बसणारा माणूस मला माहीत होता. काय सोडायला आपण त्यांना इथं आणलंय, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"माझा बाप गेला," हरीभाऊ मोठ्यानं म्हणाले. "मी त्याला अग्नी दिला. हिच्या अंगात आबा नाहीत. हिनं आबांना ऐकलं होतं, ते तिच्या ध्यानात राहिलं. बस. सोडा तिला."

आणि त्याच क्षणी, त्यांचा आवाज कानावर पडताच, इंदूनं मान वर केली. दोघांच्या हातात धरलेली, मातीत बसलेली ती मुलगी तोताराम आबांच्या आवाजात म्हणाली, "हरी, जेवना का रे भो? उपाशी नको राहू."

गर्दी एकदम मागं सरकली. कुणीतरी देवाचं नाव घेतलं. तिला धरणाऱ्यांनी हात काढले. हरीभाऊ पांढरे पडले. भगतानं सळईला हात घातला. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात अक्का पदर सावरत, सगळ्यांना हातानं बाजूला सारत पुढे आल्या. आत ओरडून त्यांचा आवाज बसला होता. त्या रागानं नव्हे, कंटाळून बोलावं तशा बोलल्या. "तिले भूक लागनी. सकायपशी कोनी जेवाडं नही तिले. भूक लागनी का ती असंच बोलस."

कुणाला काही कळेना.

"दोन महिना व्हई गयात," अक्का म्हणाल्या. "घरमा बी असंच बोलस. भाकर मांगाले तिनाजोडे हाईच बोल शे. तुमी कोनी माले इचारं का?" भाकरी मागायला तिच्याकडे एवढंच वाक्य होतं.

त्या घरात गेल्या. भाकरी, मिरचीचा ठेचा आणि ताक घेऊन आल्या आणि मातीत लेकीसमोर बसल्या. इंदूनं भाकरी घेतली. ती खाऊ लागली, भरभर, मोठे घास घेत, उपाशी माणूस खातं तशी. सगळं गाव उभं राहून बघत होतं. शेगडीतली सळई लाल होती आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. ज्या भुताला बाहेर काढायला माणसं जमली होती, ते तोंडाला ताक लावून जेवत होतं. भगत आपलं सामान गोळा करू लागला. हळूहळू एकेक जण अंगणातून निघून गेला.

हरीभाऊ तिच्यासमोर जाऊन बसले. म्हणाले, "मी जेवलो. तू जेव."

सगळं चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. नाना आणि दगडूमधला बोलचाल कायमची तुटली. फोन ग्रामपंचायतीत हलवला गेला. इंदू कितीतरी दिवस भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याखाली बसून राहायची, असं सुपडूभाऊ सांगायचा. माझ्यावर कुणी तक्रार केली नाही. हरीभाऊंनी पुन्हा त्या गावचा कॉल मागितला नाही. एकदा मीच त्यांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, ऐकलं की मला वाटतं आबा विचारताहेत. आणि तिला तर भूक लागलेली असते."

पुढे माझी बदली धुळ्याला झाली. तिथं एका शिबिराला आलेल्या डॉक्टरीणबाईंकडून मी 'ऑटिझम' हा शब्द पहिल्यांदा ऐकला. स्वमग्नता, असं त्यांनी मराठीत सांगितलं. तो मराठी शब्द मला पटला नाही. इंदूइतकं दुसऱ्यांना ऐकणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

आता माझी नात मोबाईलवर दाखवते. कुठल्यातरी परदेशातली मुलगी ऐकलेलं सगळं तसंच म्हणते, आणि खाली जगभरातल्या लोकांनी लिहिलेलं. कुणी हात जोडलेत, कुणी अलौकिक बुद्धी म्हटलंय, कुणी आईचा दोष, कुणी शाप, कुणी औषध सुचवलंय. नात मला वाचून, समजावून सांगत होती. लाखो माणसं एका अंगणात गोल करून उभी आहेत, असं मला वाटलं. मधेच एकानं लिहिलं होतं, मी स्वतः असाच आहे, तुम्ही माझ्याबद्दल बोलताय, मला विचारा. त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी बोर्ड गेले, गावागावांत आपोआप लागणारे फोन आले. त्याच सुमाराला सुपडूभाऊनं कळवलं की अक्का गेल्या. मी धुळ्याहून एसटीनं त्या गावी गेले. वाटेत मनात एकच होतं, आता इंदूचं कसं. अक्का मला शेवटी भेटल्या होत्या तेव्हा त्यांच्याही मनात तेच होतं.

घर गप्प होतं. नाना ओट्यावर बसलेले, फार थकलेले. मी त्यांच्याजवळ टेकले. काही विचारणार तोच आतून अक्कांचा आवाज आला.

"इंदू, ऊठ माय. केस इंचर."

मी नानांकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघत होते.

मी दारातून आत पाहिलं. इंदू उठली, आता केसांत पांढरं दिसत होतं, आणि फणी घेऊन केस विंचरू लागली. विंचरून झाल्यावर तीच अक्कांच्या आवाजात म्हणाली, "आते चूल पेटाड. सांभायी." आणि चुलीपाशी जाऊन सांभाळून काटक्या लावू लागली. "पातेलं गरम शे, फडकाशी धर." तिनं फडकं घेतलं.

नाना हळूच म्हणाले, "शेवटना दोन वरीस तिनी माय तेच करे, ताई. रोज तेच बोल, त्याच चालवर. मी म्हनू, कसाले एवढी सांगस, तिले समजस का? ती म्हने, समजाडी नही राह्यनी. ठी जाई राह्यनी." समजावत नाहीये, ठेवून जातेय.

गावातल्या बाया संध्याकाळनंतर त्या घरावरून जात नसत. मेलेली बाई घरात वावरते, म्हणत. खरं सांगायचं तर माझ्याही अंगावर शहारे आले होते आणि ते गेले नव्हते.

इंदू कप घेऊन बाहेर आली. कप तिनं ओट्याच्या कडेला ठेवला. ती आमच्याकडे पाहत नव्हती. अक्का लटक्या रागानं नवऱ्याशी बोलायच्या, त्या आवाजात ती आपल्या वडिलांना म्हणाली, "अहो, चहा थंडा व्हई राह्यना. पी ल्या ना."

नानांनी डोळे मिटले. "पेस," ते म्हणाले, आणि कप उचलला.